बाटलीची किंमत आणि जिभेचा न्याय

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे सदबीज या लिलावसंस्थेत वाइनची एक बाटली विकली गेली. बाटली नेहमीच्याच आकाराची, म्हणजे पाऊण लिटरची. आतील वाइन फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील रोमाने-काँती या मळ्यातील, १९४५ सालच्या द्राक्षांची. तिला ५ लाख ५८ हजार डॉलर एवढी किंमत आली. त्या वेळच्या दराने हे सुमारे चार कोटी रुपये होतात. भागाकार करून पाहिला तर एका मिलिलिटरला ७४४ डॉलर, म्हणजे चहाच्या एका चमच्याला पावणेतीन लाख रुपये पडतात!

या चमच्यात असते तरी काय? कोणत्याही सर्वसाधारण वाइनमध्ये सुमारे ८५ टक्के पाणी आणि १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत आम्ले, ग्लिसरॉल, टॅनिन, रंगद्रव्ये, थोडी साखर आणि वास देणारी शेकडो संयुगे येतात. साधी वाइन आणि असाधारण वाइन यांतील फरक या शेवटच्या एक-दोन टक्क्यांत सामावलेला असतो. तो फरक खरा आहे. परंतु तो किंमतीतील फरकाएवढा आहे का?

युरोप-अमेरिकेतील बेताच्या मिळकतीच्या वाइनप्रेमींची हीच तक्रार आहे. उत्तम मळ्यांची वाइन आता पिणाऱ्यांच्या हातून निसटली असून ती तिजोरीत ठेवणाऱ्यांच्या हाती गेली आहे, असे ते वैतागून म्हणतात. आम्हाला येथे मद्यपानाची भलामण करायची नाही. वाइन हा शाळेचा विषय नव्हे. पण ‘किंमत नेमके काय मोजते?’ हा प्रश्न मात्र वर्गातला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाइनवर जेवढे प्रयोग झाले तेवढे दुसऱ्या क्वचितच एखाद्या वस्तूवर झाले असतील.

खर्चाचा हिशेब

प्रथम उत्पादनखर्च पाहू. नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांना हा हिशेब चटकन समजेल. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांचे पीक एकरी आठ-दहा टन सहज येते. उत्तम वाइनसाठी मात्र पीक मुद्दाम कमी ठेवतात, कारण वेलीवर घड कमी असले की प्रत्येक मण्यात साखर, रंग आणि सुगंधी द्रव्ये अधिक साठतात, असा अनुभव आहे. समजा, हेक्टरी ४००० लिटर वाइन निघाली, तर तिच्या सुमारे ५३०० बाटल्या होतील. अशा मळ्यावर वर्षाला हेक्टरी एक लाख युरो इतका सढळ खर्च केला, तरी बाटलीमागे तो १९ युरोंच्या आसपास पडतो.

वाइन मुरवण्यासाठी ओक लाकडाची पिंपे लागतात. बोर्दो प्रांतातील पिंप २२५ लिटरचे, म्हणजे बरोबर ३०० बाटल्यांचे असते. नव्या फ्रेंच पिंपाला ९०० युरो पडले असे धरले आणि ते एकदाच वापरले, तरी बाटलीमागे ३ युरो वाढले. बाटली, बूच, वेष्टण, तळघराचे भाडे असे सर्व मिळवून पाहा. जमिनीची किंमत बाजूला ठेवली, तर आकडा शेकड्यांत जाणे अवघड आहे आणि हजारांत जाणे अशक्य. तेव्हा लिलावातील किंमतीचे कारण खर्चात सापडणार नाही.

उभी रेषा

कारण मागणी-पुरवठ्यात सापडते. रोमाने-काँती हा मळा १.८१ हेक्टरचा, म्हणजे साडेचार एकरांचा आहे. वर्षाला त्यातून पाच-सहा हजार बाटल्या निघतात. १९४५ साली तर फक्त ६०० निघाल्या होत्या आणि त्यानंतर तेथील जुने वेल उपटून नवे लावण्यात आले. फ्रान्समध्ये १९३५ पासून मूळस्थानाचा कायदा आहे. त्यानुसार ठरलेल्या सीमेबाहेरच्या द्राक्षांना ते नाव लावता येत नाही आणि हेक्टरी किती वाइन काढायची यावरही मर्यादा असते.

कांदा महागला तर पुढच्या हंगामात शेतकरी अधिक कांदा लावतो आणि भाव उतरतो. येथे ती सोय नाही. अर्थशास्त्राच्या आलेखावर पुरवठ्याची रेषा साधारणपणे तिरपी चढते. येथे ती सरळ उभी असते. मागणी वाढली की सर्व भार किंमतीवर येतो. शिवाय जुन्या सालाची प्रत्येक बाटली उघडली की साठा एकाने घटतो, म्हणजे ही उभी रेषा दरवर्षी थोडी डावीकडे सरकते.

याचे ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथील सरकारने फेब्रुवारी २००८ मध्ये वाइनवरील जकात पूर्णपणे रद्द केली. चीनमधील नवश्रीमंत ग्राहक बाजारात उतरले आणि बोर्दोमधील शातो लाफित या मळ्याच्या वाइनचे भाव भडकले. २०१० मध्ये लाफितने २००८ सालच्या बाटलीवर चिनी लिपीतील आठचा आकडा घातल्याचे जाहीर केले. चीनमध्ये आठ हा आकडा शुभ मानतात. ही बातमी येताच त्या वाइनचा भाव आणखी चढला. आतल्या द्रवाचा एक रेणूही बदललेला नव्हता. २०११ च्या मध्यानंतर मागणी ओसरली आणि भाव उतरले, तेव्हाही द्रव तोच होता.

किंमतीवरून मान, मानावरून किंमत

दुसरे कारण इतिहासात आहे. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोमधील वाइनची प्रतवारी मागवण्यात आली. ती तेथील दलालांनी केली. त्यांनी त्यासाठी चव घेण्याची स्पर्धा भरवली नाही. अनेक वर्षांचे बाजारभाव पाहिले आणि लाल वाइनच्या मळ्यांच्या पाच श्रेणी लावल्या. पहिल्या श्रेणीत चार मळे आले: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. हे लातूर अर्थातच आपले नव्हे!

त्यानंतर मळ्यांचे मालक बदलले, जमिनींची खरेदी-विक्री झाली, वेल नवे लागले, तंत्र बदलले. प्रतवारीत मात्र लक्षात राहण्याजोगा बदल एकच झाला. १९७३ साली मूताँ-रोथशिल्ड या मळ्याला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली. म्हणजे ज्याची किंमत जास्त त्याला वरची श्रेणी, आणि ज्याची श्रेणी वरची त्याला जास्त किंमत. पहिलीतल्या एका गुणपत्रिकेवरून शाळा सुटेपर्यंत हुशार-मठ्ठ ठरवावे, तसाच हा प्रकार. असे चक्र एकदा फिरू लागले की त्याला बाहेरच्या पुराव्याची गरज उरत नाही. पुरावा हवा असेल तर चक्राबाहेर जाऊन, नाव आणि किंमत झाकूनच तो शोधावा लागतो.

नाव झाकून घेतलेली चव

असा प्रयत्न २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाला. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्समधील नामांकित मळ्यांच्या आणि कॅलिफोर्नियातील नवख्या मळ्यांच्या वाइन बाटलीची ओळख झाकून ठेवल्या. ज्यांचे गुण मोजले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप पहिली आली आणि मूताँ-रोथशिल्ड दुसरी. पांढऱ्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाचीच शातो माँतलेना पहिली आली. मात्र येथे एक सावधगिरी हवी. परीक्षकांच्या गुणांत आपसात इतकी तफावत होती की पहिली आणि दुसरी यांतील अंतराला फारसा अर्थ नाही. ‘कॅलिफोर्निया श्रेष्ठ’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नाव झाकल्यावर श्रेष्ठ-कनिष्ठ हा भेद पुसट होतो, एवढाच निघतो.

परीक्षक तरी कितपत स्थिर असतात? कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी २००५ पासून चार वर्षे याची तपासणी केली. परीक्षकांसमोर येणाऱ्या सुमारे तीस पेल्यांत एकाच बाटलीतील वाइन तीन वेळा ठेवली जाई. परीक्षकांना हे ठाऊक नसे. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत गुण देणारे परीक्षक दहांत सुमारे एकच निघाले! साधारण परीक्षकाच्या गुणांत शंभरापैकी चारांचा फरक इकडे किंवा तिकडे पडे. एका वर्षी स्थिर ठरलेला परीक्षक पुढच्या वर्षी स्थिर राहील, असेही दिसले नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणा शिक्षकांना यावर हसण्यापूर्वी थोडा विचार करावा लागेल. तीच उत्तरपत्रिका गठ्ठ्यात तीन वेळा आली तर आपण तिन्ही वेळा तेवढेच गुण देऊ का?

सामान्य माणसांचे काय? रॉबिन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. किंमत झाकलेली असताना अप्रशिक्षित लोकांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडली. प्रशिक्षण घेतलेल्यांत असा उलटा संबंध आढळला नाही. तेथे थोडा सरळ संबंध असल्याची चिन्हे दिसली. तेव्हा जीभ शिकवता येते, हे खरे. पण न शिकलेल्या जिभेने महाग बाटली घेतली, तर ती पैसे चवीसाठी मोजत नाही.

किंमतीचीही चव लागते

याहून विचार करायला लावणारा प्रयोग कॅलिफोर्नियातील कॅलटेक आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांचा, २००८ सालचा. त्यांनी २० जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून नळीतून वाइनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाआधी तिची किंमत दाखवली. सहभागी लोकांना वाइन पाच आहेत असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्या तीनच होत्या. ५ डॉलरची वाइन एकदा ५ ची म्हणून आणि एकदा ४५ ची म्हणून दिली. ९० डॉलरची एकदा ९० ची म्हणून आणि एकदा १० ची म्हणून दिली. तीच वाइन महाग म्हणून आली की लोकांना जास्त आवडे.

हे लोक भिडेखातर असे म्हणत होते का? मेंदूच्या चित्रांनी वेगळे सांगितले. डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे मेंदूचा एक भाग आहे. अनुभव किती सुखद आहे याच्याशी त्याच्या क्रियेचा संबंध असतो. किंमत जास्त दाखवली की त्या भागातील क्रिया वाढे. जिभेकडून आलेली चव प्रथम जेथे पोहोचते त्या भागात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे जीभ तेच सांगत होती, पण मेंदूने त्यात किंमत मिसळून आनंदाचा हिशेब केला. काही आठवड्यांनी किंमती न सांगता त्याच वाइन दिल्या, तेव्हा हा फरक नाहीसा झाला.

डोळेही जिभेला फसवतात. बोर्दो येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. ही मुले अज्ञानी नव्हती. मेंदू एकेका ज्ञानेंद्रियाचा स्वतंत्र अहवाल वाचत नाही. सर्वांचा मिळून एकच अहवाल बनवतो, आणि त्यात अपेक्षेचीही सही असते.

खरा फरक हवामानात

मग सर्वच थोतांड म्हणायचे का? तसे नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी बोर्दोच्या १९५२ ते १९८० या सालांच्या वाइन घेऊन लिलावातील त्यांच्या किंमती तपासल्या. मळे तेच, साल वेगळे. त्यांना आढळले की चार गोष्टी सांगितल्या तर सालागणिक पडणाऱ्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग समजतो: आधीच्या हिवाळ्यातील पाऊस, एप्रिल ते सप्टेंबरचे सरासरी तापमान, ऑगस्ट-सप्टेंबरमधील पाऊस आणि वाइनचे वय. हिवाळ्यात पाऊस भरपूर, उन्हाळा उबदार आणि तोडणीच्या वेळी कोरडे हवामान असेल तर साल उत्तम. उबेमुळे साखर वाढते, आम्ल घटते आणि साल व बिया पक्व होतात. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की रस पातळ होतो, घड कुजतात. अवकाळी पावसाने मणी तडकलेले पाहणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे समीकरण न मांडताही कळते. गणिताच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट: या समीकरणात किंमत नव्हे, तर किंमतीचा लॉगॅरिदम घेतला आहे, कारण हे परिणाम बेरजेचे नसून गुणाकाराचे आहेत.

हे समीकरण १९९० मध्ये वर्तमानपत्रांतून गाजले, तेव्हा वाइनसमीक्षक संतापले. चव न घेता, पर्जन्यमापक पाहून वाइनची प्रत कशी सांगता येईल, असा त्यांचा सवाल होता. अ‍ॅशेनफेल्टर यांना आणखी एक गोष्ट दिसली. वाईट सालांच्या वाइन कोवळ्या असताना त्यांच्या लायकीपेक्षा महाग विकल्या जातात आणि मुरल्यानंतर त्यांचे भाव घसरून हवामानाने ठरवलेल्या जागी येतात. बोर्दोमध्ये वाइन पिंपात असतानाच तिची आगाऊ विक्री करण्याची पद्धत आहे. ग्राहक दोन वर्षे आधी पैसे भरतो आणि पुष्कळदा चूक सालालाही चढा भाव देतो. ग्राहकांची तक्रार येथे आकड्यांनिशी खरी ठरते. दर्जातला फरक खरा आहे आणि तो मोजताही येतो. बाजारभाव मात्र तो वेळेवर मोजत नाही.

बाटली न उघडता

वस्तू आणि किंमत यांत एवढी दरी पडली की ठकसेन आलेच. लंडनमध्ये १९८५ साली १७८७ सालची म्हणून लाफितची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली गेली. अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे तिच्यावर कोरलेली होती. अशाच काही बाटल्या विकत घेतलेल्या एका अमेरिकी उद्योगपतीने पुढे तपास करवला, तेव्हा अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असावीत असा निष्कर्ष निघाला. रूडी कुर्नियावान या व्यापाऱ्याने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बर्गंडीच्या एका मळ्याच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या ठेवल्या. त्या मळ्याने ती वाइन बनवायला सुरुवातच १९८० नंतर केली होती! तो २०१२ मध्ये पकडला गेला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने घरी मिसळून भरलेल्या वाइनची चव घेऊन अनेक जाणकारांनी मान डोलावली होती.

जेथे जीभ फसली तेथे भौतिकशास्त्र उपयोगी पडले. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी समस्थानिक १९४५ पूर्वी वातावरणात नव्हते. अणुस्फोटांच्या चाचण्यांनंतर ते जगभर पसरले आणि मातीतून, पानांतून द्राक्षांतही अतिसूक्ष्म प्रमाणात उतरले. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे आणि त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात. बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनी बाटली न उघडता ते मोजण्याची पद्धत बसवली. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हटलेल्या वाइनमध्ये सीझियम सापडले तर लबाडी उघड होते. ते सापडले नाही तर वाइन अणुयुगापूर्वीची आहे एवढेच कळते; १७८७ ची की १९३७ ची, हे कळत नाही. एखादी चाचणी काय सांगत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

वर्गासाठी प्रयोग

हे सर्व लिंबाच्या सरबतावर करून पाहता येईल. एकच सरबत दोन भांड्यांत घ्यावे. एकावर ‘५ रुपये पेला’, दुसऱ्यावर ‘३० रुपये पेला’ अशी चिठ्ठी लावावी. निम्म्या मुलांना आधी पहिले, निम्म्यांना आधी दुसरे द्यावे. प्रत्येकाने न बोलता दहापैकी गुण लिहावेत, मग सरासरी काढावी. क्रम का बदलायचा आणि बोलायचे का नाही, हे मुलांनाच विचारावे.

पुढचा प्रयोग तीन पेल्यांचा. दोन पेल्यांत एकच सरबत, तिसऱ्यात साखर थोडी कमी. वेगळा पेला कोणता ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचे उत्तर बरोबर येईल, म्हणजे बारा जणांत चौघांचे. बारांपैकी आठ किंवा अधिक जणांनी ओळखले, तर ते योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास येते; मगच फरक जाणवतो असे म्हणता येईल. प्रयोग झाल्यावर चिठ्ठ्यांमागचे खरे मुलांना अवश्य सांगावे. ज्यांनी महाग सरबताला जास्त गुण दिले त्यांची थट्टा होऊ देऊ नये. ती मुले खोटे बोललेली नसतात.

सरबत आणि वाइन यांवर हा विषय थांबत नाही. २००८ मध्येच अमेरिकेत ८२ स्वयंसेवकांना वेदनाशामक म्हणून प्रत्यक्षात निष्क्रिय असलेली गोळी दिली गेली. अडीच डॉलरची गोळी म्हणून जिने घेतली त्या गटातील सुमारे ८५ टक्के लोकांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. तीच दहा सेंटची म्हणून घेणाऱ्या गटात असे ६१ टक्के होते. ‘स्वस्त औषधाने गुण येत नाही’ असे म्हणून कर्ज काढून महाग औषध घेणारे पालक आपल्या परिचयाचे असतात. त्यांना वाटणारा फरक नुसता हट्टाचा नाही. पण तो गोळीत आहे की किंमतीत, हे मात्र किंमत झाकल्याशिवाय कळत नाही.

वाइनचे बाजारभाव २०२२ च्या उच्चांकानंतर बरेच उतरले. पुढे ते पुन्हा चढतीलही. तक्रार करणाऱ्या वाइनप्रेमीला द्यायचे उत्तर त्याने बदलत नाही. तुम्ही पैसे द्रवासाठी मोजता, दुर्मिळतेसाठी की नावासाठी, हे एकदा बाटली झाकून तपासा. सरबताचा प्रयोग ज्या शिक्षकांना करून पाहता येईल त्यांनी आपल्या वर्गाच्या सरासऱ्या आम्हाला जरूर कळवाव्यात. किंमतीचा काहीच परिणाम दिसला नाही, तरीही कळवाव्यात.